सरपटणाऱ्यांचा माग : जैसलमेर, दिवाळी २०२२

१८ ऑक्टोबर, रत्नागिरी

उद्या निघायचं. पिशवीत काय घेतलं ते आधीच लिहून ठेवते, म्हणजे परत आल्यावर काय कामी आलं आणि काय उगाच वाहिलं ते कळेल. दोन हेडलॅम्प, जाड कातडी बूट, पंधरा सेंटिमीटरची पांढरी पट्टी, जमिनीचं तापमान लांबूनच मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर, चौकटीच्या दोन वह्या आणि आईने मागवलेली चकलीची भाजणी. आई सप्टेंबरपासून ताईकडे जैसलमेरला आहे. भावोजी तिथे पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामावर आहेत. त्यांना तिकडे जाऊन तीन वर्षं झाली आणि मी अजून एकदाही गेलेले नाही.

प्रकल्प असा: शाळेच्या निसर्ग मंडळासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मागांची चित्रवही करायची. पाऊलखुणा, पोटाचे आणि शेपटीचे ओरखडे, बिळांची तोंडं, सगळं त्यात. आम्ही चार वर्षं सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, फिरतो आहोत. फुरसं, सापसुरळी, पाली, एकदा डुरक्या घोणस, एवढं मुलांनी पाहिलंय. पण कातळावर माग उमटत नाही. दगडाखाली प्राणी असला तर दिसतो, नसला तर नाही. तो रात्री कुठून आला, किती फिरला, कुठे थांबला, यातलं जांभा काही सांगत नाही. वाळू सांगते म्हणतात. ते शिकायला माझ्याकडे दहा दिवस आहेत.

स्वतःसाठी नियम: प्राण्याला हात लावायचा नाही, बीळ उकरायचं नाही, जागेचा नेमका पत्ता वहीतसुद्धा लिहायचा नाही. सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा. त्याच्या चरबीचं तेल काढून विकणारे आजही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण असूनही त्याला पकडतात. आमच्याकडे मांडुळाचं तेच झालंय. अमुक किलोचं मांडूळ म्हणजे इतके कोटी, या भ्रमापायी किती मांडुळं गोणीत गेली असतील. आठवीतली मुलं मला त्याचा भाव विचारतात तेव्हा पोटात तुटतं.

२० ऑक्टोबर, जैसलमेर

वांद्र्याहून जोधपूर, तिथून पुढे सगळा दिवस. पोचायला संध्याकाळ झाली. ताईने दारातच पाणी-तुकडा ओवाळून टाकला. भाचा उंच झालाय. आईचा गुडघा अजून दुखतो.

जेवताना प्रकल्प सांगितला. फुरशाचं नाव काढल्याबरोबर ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प झाले. आई दिवेलागणीनंतर ते नाव घेत नाही, दुसऱ्यालाही घेऊ देत नाही. "जनावर" म्हणायचं. आईचा थोरला भाऊ अण्णा देवगडकडे कातळावर गवताचा भारा उचलताना चावला जाऊन गेला. तो चौदा वर्षांचा होता, आई अकराची. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, एवढंच ती कधीतरी बोलली आहे. मी रात्री फिरणार म्हटल्यावर ती काही बोलली नाही. ताट घेऊन आत गेली.

२१ ऑक्टोबर, वसुबारस

पहिला दिवस, हाती काही नाही.

सकाळी शहराबाहेर खुरी गावाच्या वाटेवर दोन तास चाललो. भावोजी, भाचा आणि मी. सवयीने दगड शोधत राहिले. वाळूत दगड नाहीत! झुडपं आहेत: फोग, आक, बुई, मधेच एखादी खेजडी. यंदा पाऊस चांगला झाल्याने सेवण गवताचे झुबके अजून हिरवट आहेत. जिकडे पाहावं तिकडे खुणाच खुणा आणि मला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. एका ठिकाणी लांबलचक वळणदार रेघ दिसली. साप म्हणून तीन फोटो काढले, पट्टी ठेवून. भाचा पुढे धावत गेला आणि म्हणाला, "मावशी, इथे बकरीची दोरी आहे." सुटलेली बकरी दावं ओढत गेली होती.

वहीत नोंद: ओढलेल्या दोरीच्या रेघेला दोन्ही बाजूंना सारखी कड असते आणि तिच्या आजूबाजूला खुरांचे ठसे असतात. सापाची कड कशी असते ते अजून माहीत नाही.

संध्याकाळी ताईला वसुबारसेला गाय-वासरू हवं होतं. पलीकडच्या गल्लीतला गोठा रिकामा आहे. यंदा उन्हाळ्यानंतर लम्पीने या भागात किती जनावरं गेली ते त्या मालकिणीने सांगायला सुरुवात केली आणि मग तिला पुढे बोलवेना. ताईने मातीची गाय करून पूजा केली.

२२ ऑक्टोबर

आज खऱ्या अर्थाने सुरुवात झाली. भावोजींच्या पवनचक्कीवर रात्री राखण करणाऱ्या मुलाचे वडील खुरीजवळच्या एका ढाणीत, म्हणजे छोट्या वस्तीत, राहतात. मेंढ्या आहेत. तरुणपणी ते खोजी होते. हरवलेला उंट, चोरलेली मेंढी, पळालेला माणूस, सगळ्यांचा माग काढायचे. या भागात पोलीस आणि सीमा सुरक्षा दलही खोजींची मदत घेत आले आहेत. सीमेच्या कुंपणालगत वाळूचा पट्टा ओढून सपाट करतात आणि सकाळी त्यावर कुणाचं पाऊल उमटलंय का ते पाहतात. त्याला इथे खुरा तपासणं म्हणतात.

सगळे त्यांना बासा म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. ते मला बाईसा म्हणतात. शाळेत मुलं बाई म्हणतात, त्यामुळे दर वेळी वर्गात उभी असल्यासारखं वाटलं. पण आज मी बाकावर बसणारी होते.

त्यांनी पहिल्यांदा माझी उभं राहण्याची जागा बदलली. मी सूर्याकडे पाठ करून पाहत होते. ते म्हणाले, माग तुझ्या आणि सूर्याच्या मधे यायला हवा. उलट्या बाजूला जाऊन पाहिलं आणि मगाशी कोरी वाटलेली वाळू भरून गेली. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक खड्ड्याला स्वतःची सावली पडते. नऊनंतर सूर्य चढला की तीच वाळू पुन्हा कोरी दिसते. म्हणजे कामाची वेळ उजाडल्यापासून फार तर अडीच तास.

दुसरी गोष्ट वयाची. ताज्या मागाची कड धारदार असते, वारा लागला की ती ढासळते. पण वारा रोज वेगळा, म्हणून ते किड्यांवर भरवसा ठेवतात. काळे भुंगेरे रात्रभर फिरतात. त्यांचा माग शिवणीच्या टाक्यांसारखा, दोन रांगांत. सापाच्या रेघेवरून भुंगेऱ्याचे टाके गेले असतील तर साप आधी आणि भुंगेरा नंतर. टाके रेघेखाली बुजले असतील तर साप उशिरा, कदाचित पहाटे. हे मला इतकं आवडलं की मी तासभर फक्त टाके आणि रेघा कुठे छेदतात तेवढंच पाहत बसले.

तिसरी गोष्ट मीच विचारली. एका गवताच्या झुबक्याभोवती सुबक अर्धवर्तुळं होती, कंपासने काढल्यासारखी. कुठल्या प्राण्याची ही? बासांनी गवताची वाकलेली पात धरली आणि वाऱ्याच्या दिशेने हलवून दाखवली. पातीच्या टोकाने वाळूवर अर्धवर्तुळ उमटलं.

आज ओळखता आलेले माग:

वाळवंटी घोरपड, इथे चंदन गोह. दोन्ही बाजूंना नखांसकट पावलं, मधोमध शेपटीची लाटांसारखी रेघ. घोरपड विषारी असते, गोयरा चावला की माणूस पाणी मागत नाही, असं इथे अनेकजण मानतात. तिच्या चाव्याने माणूस मरत नाही, पण या समजुतीने घोरपडी मात्र मारल्या जातात.

झालरबोट्या सरडा. हे नाव मीच ठेवलंय. त्याच्या बोटांना कंगव्यासारखी झालर असते, त्यामुळे सैल वाळूत पाय रुतत नाही. माग इतका हलका की धावताना जेमतेम टिंबं उमटतात.

वाळूत पोहणारी सापसुरळी. हिचा माग खड्ड्याचा नाही, उंचवट्याचा! ती पृष्ठभागाच्या किंचित खालून नागमोडी जाते आणि वरची वाळू फुगते. पाय इवलेसे, तीन बोटांचे, पोहताना अंगाला चिकटवलेले. आमची सड्यावरची सापसुरळी गवतातून सळसळत जाते ती आठवली. ही तिच्याच गोतातली, पण हिला वाळू म्हणजे पाणी.

२३ ऑक्टोबर

खुरा तपासण्याची युक्ती आपणही करायची ठरवलं. ढाणीच्या मागे झुडपांच्या मधे सहा चौक आखले, प्रत्येक साधारण दीड मीटर लांब-रुंद. खराट्याने काड्या काढल्या, मग ताईच्या घरातली लाकडी फळी ओढून वाळू सपाट केली. दिवस मावळताना आखले आणि उजाडताना पाहायला गेलो.

चौक एक आणि दोन: मेंढ्यांनी तुडवले. जागा चुकली, वाटेत येते.
चौक तीन: भुंगेरे, वाळवंटी उंदीर, पाल.
चौक चार: काही नाही.
चौक पाच: एक रुंद, उथळ, जवळजवळ सरळ पन्हळ. अंगठ्यापेक्षा जाड. बासा म्हणाले दुमुही, म्हणजे आपलं मांडूळ. वळणं नसण्याचं कारण असं की ते घाईत नसलं की पोटाचे खवले पुढे-मागे करत सरळ रेषेत सरकतं.
चौक सहा: खरी नागमोडी रेघ. प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या अंगाला वाळूचा छोटा ढीग. साप तिथे वाळूला रेटा देऊन पुढे जातो. परवाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: दोरीच्या रेघेला असे ढीग नसतात. साप कोणता ते मागावरून ठरवता आलं नाही. सडपातळ, दिवसा फिरणारा नाही कारण टाके त्याच्यावरून गेलेत. बाकी मोकळं सोडलंय.

फोटोंची अडचण आहे. फ्लॅश मारला की सावल्या मरतात आणि माग सपाट होतो. फ्लॅश न मारता पहाटेच्या उजेडात हात हलतो. घरी फोनवर पाहिलं तर निम्म्या फोटोंत काहीच कळत नाही.

आई बाजूला बसून चकल्या पाडत होती. तिने फोन हातात घेतला, चष्मा वर केला, आणि म्हणाली, "याचं चित्र काढायला हवं. वही चौकटीची आणलीस ना? मग चौकटी म्हणजे ठिपके." आई अख्ख्या आळीत रांगोळीसाठी ओळखली जायची. तिने चौकटी मोजल्या आणि मग मला प्रश्न विचारायला लागली. डावीकडचं पाऊल उजव्याच्या पुढे की बरोबर? शेपटीची रेघ पावलांना शिवते का? कुठली बाजू खोल? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. फोटो काढला म्हणजे पाहिलं, असं मी धरून चालले होते.

उद्यापासून प्रत्येक मागाजवळ बसून मोजायचं: पावलांतलं अंतर, रुंदी, खोल बाजू. आधी वही, मग फोटो.

२४ ऑक्टोबर, नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन

यंदा दोन्ही एकाच दिवशी. पहाटे अभ्यंगस्नान, त्यामुळे चौक पाहायला उशीर झाला. वाऱ्याने दोन पुसले.

बासांच्या घरी फराळ दिला. तिथे पीवण्याची गोष्ट ऐकली. पीवणा नावाचा साप रात्री निजलेल्या माणसाच्या छातीवर बसतो आणि त्याचा श्वास पितो. चावत नाही, खूण ठेवत नाही, सकाळी माणूस गेलेला असतो. हा साप म्हणजे मण्यार, इथे सिंधी मण्यार. तिचे दात बारीक, दंश दुखत नाही, सूज येत नाही. तिच्या विषाने स्नायू लुळे पडतात, शेवटी श्वासाचे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत दंश झाला तर घरच्यांना दिसतं ते हेच: खूण नाही, आणि श्वास थांबलेला. ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं. म्हणून मी बासांपुढे अंधश्रद्धा हा शब्द काढला नाही. त्यांच्या ढाणीत सगळे खाटेवर झोपतात. पाय उंच असलेली खाट आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हा मण्यारीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, रत्नागिरीतही आणि इथेही.

२५ ऑक्टोबर, अमावास्या, खंडग्रास सूर्यग्रहण

दुपारी सांड्यांची वसाहत पाहिली. जागा लिहीत नाही. घट्ट, मुरमाड जमीन, सैल वाळू नाही. बिळाचं तोंड आडव्या अर्धचंद्रासारखं, कारण सांड्याचं अंगच पसरट. साडेअकराला जमिनीचं तापमान ४४ अंश, दोन वाजता ५१. एवढ्या तापलेल्या जमिनीवर पंधरा-वीस सांडे बिळाच्या दाराशी पसरलेले! मोठा असेल तो हातभर लांब, शेपटीवर काट्यांची वलयं. बरीचशी घोरपडीसारखी ठेवण, पण स्वभावाने शाकाहारी. एक जण केर नावाच्या झुडपाखाली पडलेली फुलं वेचून खात होता. पिल्लं किडेही खातात.

भावोजींनी दुरून आकाशात गरुड दाखवला. सावली जमिनीवरून सरकली आणि एका क्षणात सगळे बिळात. ससाणे, गरुड, कोल्हे, दबकत येणारं रानमांजर, सगळ्यांचं पोट या सरड्यावर. माळढोकसुद्धा सरडे खातो. तो सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून जवळजवळ गेला आणि त्याची उरलेली मोठी आशा याच जिल्ह्यात आहे. भावोजी विजेच्या तारांखालून जाताना दर वेळी वर पाहतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या भागातल्या तारा जमिनीखाली घालण्याबद्दल आदेश दिला, त्या दिवसापासून त्यांच्या ऑफिसात तोच विषय आहे. तारेला धडकून मेलेला पक्षी त्यांनी एकदा पाहिलाय. कोणता, ते मी विचारलं नाही.

साडेचारनंतर ग्रहण लागलं. ग्रहण पाहायचा चष्मा आणला होता, भाच्याने पाळीपाळीने सगळ्यांना दाखवलं. सूर्याचा मोठा लचका गेला होता आणि तसाच तो मावळला. त्या वेळात सांडे एकेक करून आत गेले. आतून मातीने तोंड बंद करतात, बाहेर ओलसर रंगाची माती दिसते. ग्रहणामुळे गेले की संध्याकाळ झाली म्हणून, हे एका दिवसाच्या नोंदीवरून सांगता येत नाही. कालची या वेळची नोंद घ्यायला हवी होती.

रात्र. अमावास्या, म्हणून आजचा दिवस राखून ठेवला होता. चांदणं नसलं की साप जास्त फिरतात असा आमचा सड्यावरचाही अनुभव आहे. बासांचा मुलगा, भावोजी आणि मी. भाच्याला नेलं नाही, तो रुसून झोपला.

जाण्याआधी भावोजींनी सरकारी रुग्णालयाचा रस्ता आणि वेळ पुन्हा सांगितली. यातलं गांभीर्य मुलांसाठी लिहून ठेवते. आपल्याकडे सर्पदंशावर मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. तिच्यासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतून, चेन्नईजवळच्या इरुळा या साप पकडणाऱ्या आदिवासी जमातीच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेतून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक वेगळं असतं. थरचं फुरसं ही वेगळी उपजात मानतात, आणि तिच्या दंशावर ही लस अनेकदा नीट लागू पडत नाही अशी निरीक्षणं जोधपूरच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहेत. म्हणजे इथे चूक करायला जागा नाही. लस तरीही घ्यावीच लागते, आणि तीही लवकर.

८.४० वाजता, वाळूचं तापमान २५. फोगाच्या झुडपापासून तिरप्या रेघा सुरू झाल्या. एकमेकींना न जोडलेल्या, समांतर, प्रत्येकीच्या एका टोकाला आकडा. जणू कुणी छडीने एकाखाली एक वेलांट्या ओढल्यात. फुरसं आडवं चालतं. अंगाचा एक भाग टेकवतं, दुसरा उचलून पुढे टाकतं, म्हणून सलग रेघ उमटत नाही. आकडा मानेचा, आणि तो ज्या बाजूला वळतो तिकडे ते गेलं. हे मी किती वर्षं पुस्तकात वाचून मुलांना शिकवत होते! पायांखाली पाहिलं तेव्हा प्रथम कळलं की रेघांमधली वाळू पूर्ण कोरी असते. तिथे त्याने जमिनीला स्पर्शच केलेला नाही.

रेघा मोजत गेलो. एकसष्टावर थांबल्या. पुढे काही नाही, मागे वळलेलं नाही. बासांच्या मुलाने हात आडवा धरला आणि दिवा खाली केला. शेवटच्या रेघेपासून वीतभर पुढे वाळूत दोन डोळे होते. बाकी सगळं अंग वाळूखाली. तीन मीटरांवर आम्ही उभे राहिलो. दिवा बाजूला वळवला. थोड्या वेळाने ते स्वतःच वर आलं, वेटोळी एकमेकांवर घासली आणि तो आवाज झाला, तापल्या तेलात ओली मिरची टाकल्यासारखा. तोंडाने फुत्कार नाही, अंगावरच्या करवती खवल्यांचा आवाज. आमच्या सड्यावरच्यापेक्षा चांगलंच मोठं, फिकट वाळूच्या रंगाचं, कुशीवर पांढरी नागमोडी रेघ. बासांचा मुलगा हळूच म्हणाला, "बांडी."

मिनिटभराने ते आडवं चालत अंधारात गेलं. आम्ही मागे गेलो नाही. परतताना शेवटच्या वीस रेघांभोवती काठ्या रोवून दोरी बांधली.

घरी आई जागी होती. मी काही बोलायच्या आधी तिने बुटांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "दिसलं?" म्हणाली. मी हो म्हटलं.

२६ ऑक्टोबर, पाडवा आणि भाऊबीज

पहाटे पाचला आई पातळ नेसून तयार. मला बघायचंय म्हणाली. ताई नको म्हणत होती. गुडघा, वाळू, थंडी. भावोजींनी गाडीत प्लास्टिकची खुर्ची टाकली.

गाडी जिथवर जाते तिथून साठ-सत्तर पावलं. भाच्याने आजीचा हात धरला. सात वाजून दहा मिनिटांनी आई खुर्चीत बसली, सूर्य समोर, माग मधे. रात्री वारा पडलेला होता, त्यामुळे रेघा जशाच्या तशा. एका भुंगेऱ्याने मधून टाके घातले होते, तेवढंच नवीन.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे असं चालतं होय?" त्यानंतर थोड्या वेळाने: "कातळावर काही दिसलं नव्हतं गं. अण्णाने जागा दाखवली, सगळे लोक गेले काठ्या घेऊन. काही नव्हतं तिथे. कुठनं आलं नि कुठे गेलं, काही नाही."

मग वही मागितली. एकेक रेघ चौकटी मोजून काढली. मी पट्टीने मापं सांगत गेले: रेघेची लांबी, दोन रेघांतलं अंतर, कोन. आकड्याची बाजू खोल की शेपटीची, ते तिने खुर्चीतून वाकून स्वतः पाहिलं. वीस रेघांना पाऊण तास लागला. साडेआठला वारा सुटला आणि कडा ढासळायला लागल्या, पण तोवर पान पुरं झालं होतं. या वहीतलं ते सर्वांत अचूक पान आहे. पानाखाली नाव तिनेच घातलं: फुरसं. दिवसाउजेडी.

संध्याकाळी गच्चीवर ओवाळणी. ज्यांना भाऊ नाही त्यांनी चंद्राला ओवाळायचं, तसं आई दर वर्षी करते. रत्नागिरीत या दिवशी चंद्र ढगात किंवा माडांआड जातो. इथे क्षितिज सपाट. अगदी नखाच्या कोरीएवढी रेघ, सूर्य गेल्यावर थोडाच वेळ. तिने ओवाळलं आणि तबक माझ्या हातात दिलं.

२७ ऑक्टोबर, लोंगेवाला

जैसलमेरपासून रामगडमार्गे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. १९७१ च्या डिसेंबरातल्या लढाईमुळे हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, भाच्याला रणगाडे पाहायचे होते. मला एक सरडा पाहायचा होता. झूऑलॉजिकल सर्व्हेच्या आर. सी. शर्मा यांनी १९७८ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि या गावाचंच नाव त्याला दिलं. डोकं बेडकासारखं बसकं, अंग चपटं, बोटभर लांबी. गवत नसलेल्या, उघड्या, सरकत्या वाळूतच राहतो. लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे पडीक जमीन, झाडं लावली की भलं झालं. इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्याने माणसांचं भलं झालंय, ते मी नाकारत नाही. पण ज्या प्राण्याचं घरच उघडी वाळू आहे त्याच्यासाठी लावलेली झाडं म्हणजे अतिक्रमण, हे वर्गात बोलायला हवं.

रस्त्याकडेच्या टेकडीवर दोन तास. एक माग सापडला, बारीक टिंबांचा, आणि मधेच संपला. कालपर्यंत मी पुढे शोधत गेले असते. आज शेवटच्या टिंबाशीच खाली बसले. चार मिनिटांनी वाळूतून पापणी हलली. भाच्याची सावली पडताच सरडा वर आला, चार-पाच हात धावला, थांबला, अंग दोन्ही बाजूंना थरथरवलं आणि उभाच्या उभा खाली गेला. दोन सेकंदसुद्धा लागले नसतील. वर राहिली फक्त डोक्याची बाह्यरेषा.

भाच्याने स्वतः वहीत लिहिलं: "माग संपतो तिथे थांबायचं." रणगाडे राहूनच गेले होते, परतताना दाखवले.

२९ ऑक्टोबर, परतीच्या गाडीत

वहीत सतरा पानं. चौदा माग ओळखीचे, दोन अंदाजाचे. पान सतरा कोरं आहे असं म्हणायला हवं, कारण चित्र आहे पण नाव नाही: काल सकाळी चौक चारमध्ये, जिथे इतके दिवस काही येत नव्हतं, तिथे एक अरुंद नागमोडी रेघ आणि तिच्या शेजारी नाकाने उकरल्यासारखे लहान खड्डे. बासांनीही मान हलवली. त्यांच्या मुलाला फोनवर आईचं चित्र पाठवलंय. कुठे पुन्हा दिसलं तर तो कळवेल.

थर्मामीटर रोज लागला. दुसरा हेडलॅम्प लागला. फ्लॅश नाही लागला. खराटा आणि फळी सर्वांत जास्त लागली.

मुलांबरोबर पहिला चौक भाट्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनालगत, भरतीच्या रेषेच्या वर. तिथे खेकडे, पाली, सरडे, एखादी धामण यायला हरकत नाही. मुलांच्या हातात पट्टी आणि चौकटीची वही, फोन दप्तरात. आई नोव्हेंबरअखेर परत येते आहे, चित्रं कशी काढायची ते ती शिकवणार आहे, तसं तिनेच सांगितलं. लाकडी फळी मात्र शोधावी लागेल. ती ताईच्या दाराआड राहिली.